रेडियम काढा, पण रंग राखून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की कोल्हापुरातल्या वॉशिंग सेंटरवर आणि उद्यमनगरातल्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. पूजेआधी गाडी लखलखीत हवी, म्हणून बॉनेटवरचे रेडियमचे, म्हणजे चिकटवलेल्या प्लॅस्टिक फिल्मचे, विटलेले पट्टे, दारावरची जुन्या दुकानाची जाहिरात, डिकीवरचे अर्धे सोललेले ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ काढायला सांगितले जाते. काम किरकोळ वाटते. पण याच घाईत रंग उडतो आणि अख्खे पॅनेल रंगवायचा खर्च मालकाच्या अंगावर पडतो. खरे तर घरच्या सामानातही हे काम नीट होते, म्हणून हे पत्र.

कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्यातला चमक देणारा आणि ऊन अडवणारा क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. ब्लेड किंवा पत्र्याची पट्टी पहिल्याच फटक्यात त्यात रुतते. हिरव्या घासणीत तर घासणारी पूडच असते. गम निघतो, पण उन्हात पाहिले की तिथे ओरखड्यांचे जाळे दिसते.

म्हणून आधी पॅनेल कंपनीच्या रंगाचे आहे की नंतर रंगवलेले, हे बघावे. दाराची रबरी बीडिंग बोटाने मागे सारा. खाली रंगाची कड दिसली किंवा रबरावर रंगाचे शिंतोडे असले, तर ते रंगवलेले समजा. बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा असणे हीही शंकेची जागा. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक एखाद्या जागी पकडत नसेल, तर तिथे पुट्टी भरलेली असते. कंपनीचा रंग सुमारे 140 अंशांवर भाजलेला असतो, गॅरेजमधला फार तर 60 अंशांवर वाळवलेला. त्यामुळे उष्णता आणि थिनर दोन्ही तो कमी सोसतो, आणि खालची तयारी कच्ची असेल तर रेडियमबरोबर रंगाचा पापुद्राच निघून येतो. अशा पॅनेलवर काम करायच्या आधी कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, छोटा तुकडा काढून बघावा.

गाडी धुऊन घ्यावी. पावसाळ्यात रेडियमच्या कडेला चिखलाची बारीक वाळू धरते. ती तशीच राहिली तर पुढे प्रत्येक पुसण्याला सँडपेपर फिरवल्यासारखे होते.

मग उष्णता. रेडियम म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म. वर्षानुवर्षे उन्हात राहून तिच्यातला लवचीकपणा जातो, ती कडक होऊन तडकते आणि ओढली की नखाएवढे तुकडे पडतात. हेअर ड्रायर 10-15 सेंटिमीटरवरून सतत हलवत अर्धा-पाऊण मिनिट फिरवावा. पत्र्यावर तळहात दोन-तीन सेकंद टेकवता आला, पण त्याहून जास्त नाही, की ताप बरोबर. हीट गनच्या तोंडाशी पाचशे अंशांच्या पुढे हवा निघू शकते, म्हणून ती नवख्याच्या हाती देऊ नये. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर नकोच, तो वाकडा होतो. ड्रायर नसेल तर गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल चार-पाच मिनिटे दाबून धरला तरी चालते. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी मात्र ओतू नये.

कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचलावा आणि फिल्म स्वतःवर दुमडून, पत्र्याला जवळजवळ लागूनच, सावकाश ओढावी. झटका दिला, सरळ वर खेचली, की फिल्म तुटते किंवा रंगावर ताण येतो. इथे हाताला समजते: रेडियम तुटत असेल तर ताप कमी पडतोय, फिल्म येते पण गम पातळ होऊन तारा धरत गाडीवर राहतो, तेव्हा ताप जास्त झालाय. एका वेळी चार बोटे जागा तापवा, तेवढीच सोला. उठावाचे मोनोग्राम असतील तर मासेमारीची नायलॉन दोरी मागून करवतीसारखी ओढावी. कागदी स्टिकरला उष्णता नकोच. साबणाच्या पाण्याचे ओले फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवले की तो लगदा होऊन निघतो.

उरलेल्या गमवर सर्रास पेट्रोल किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर ओतले जाते. थिनर रंगवलेल्या पॅनेलला मऊ करतो, हेडलाइटच्या प्लॅस्टिकला बारीक तडे पाडतो, काळ्या ट्रिमवर, म्हणजे कडेच्या प्लॅस्टिक पट्ट्यांवर, पांढरा डाग ठेवतो. पेट्रोलची वाफ बंद गॅरेजमध्ये कधीही पेट घेऊ शकते. रॉकेल, नीलगिरी तेल किंवा साधे खोबरेल पुरते. मऊ कापड भिजवून तीन ते पाच मिनिटे गमवर ठेवा, मग एकाच दिशेने पुसा आणि कापडाची घडी बदलत राहा, नाहीतर तोच गम पुढे पसरतो. हे काम सावलीत, थंड पत्र्यावर. शेवटी शाम्पूने दोनदा धुऊन तेलकटपणा घालवावा.

मोठे पट्टे असतील तर ड्रिलला लावायचे रबरी चाक मिळते. ते मिनिटाला 4000 फेऱ्यांच्या आतच चालवायचे. काही ठिकाणी ते ग्राइंडरला लावतात, त्याच्या फेऱ्या दहा हजारांच्या वर. काही सेकंदांत क्लिअर कोट जळतो. रंगवलेल्या पॅनेलवर हे चाक वापरूच नये.

रेडियम निघाल्यावर अक्षरांची सावली दिसते, विशेषतः लाल आणि काळ्या गाड्यांवर. झाकलेला रंग ताजा राहिलेला असतो, आजूबाजूचा उन्हाने उतरलेला. अशा वेळी आजूबाजूच्या भागाला हलके पॉलिश द्यावे, अक्षरांच्या जागी रगडत बसू नये. पॉलिशने थोडा तरी क्लिअर कोट जातोच, म्हणून दोन हलक्या फेऱ्यांनंतर थांबून दिवसाच्या उजेडात बघावे. फरक फार असेल तर रंगकामाशिवाय उपाय नाही, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेले बरे.

एक गोष्ट रेडियम लावणाऱ्यांसाठी. बरेच जण फिल्म गाडीवर चिकटवून मग कटर फिरवतात. ती रेघ क्लिअर कोट चिरत पत्र्यापर्यंत जाते. आपल्याकडच्या पावसात तिथे गंज धरतो, आणि रेडियम काढले की रेघ उघडी पडते. ती पॉलिशने जात नाही. अक्षरे टेबलावर कापून मगच गाडीवर न्यावीत. नुकत्याच रंगवलेल्या पॅनेलवर निदान महिनाभर काहीही चिकटवू नये.

वॉशिंग सेंटरचालकांना विनंती आहे की, काम घेताना ‘हे पॅनेल पूर्वी रंगवलेय का?’ एवढे विचारावे. आणि गाडीमालकांनी अपघाताचे काम झाले असेल तर ते लपवू नये; जुनी गाडी घेतली असेल आणि माहीत नसेल, तर बीडिंग उचलून दोघांनी मिळून बघावे आणि मगच ड्रायर हातात घ्यावा.

आपला विश्वासू,
वाहन रंगकाम व्यावसायिक,
उद्यमनगर, कोल्हापूर