गिब्सवर अन्याय झाला नव्हता

महोदय,

रविवारच्या क्रीडा पुरवणीत अमेरिकन फुटबॉलमधल्या नवख्या रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या) खेळाडूंवरचा लेख वाचला. ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराला बाकावरच बसवायचे, तर मुळात निवडला कशाला, असा लेखाचा सूर आहे आणि उदाहरण दिले आहे डेट्रॉइट लायन्सच्या जाहमिर गिब्सचे. मी डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये 19 वर्षे राहतो. 2023 च्या त्या हंगामातला लायन्सचा एकही सामना मी चुकवलेला नाही, म्हणून हे पत्र.

लेखकाचा राग मी स्वतः अनुभवला आहे. 7 सप्टेंबर 2023, हंगामाची सलामी, समोर गतविजेते कॅन्सस सिटी चीफ्स आणि तेही त्यांच्या मैदानावर. आमच्या तळघरात दहा-बारा जण टीव्हीसमोर बसलो होतो. ड्राफ्टमध्ये 12 व्या क्रमांकावर घेतलेल्या गिब्सला त्या रात्री धावायला चेंडू मिळाला फक्त 7 वेळा, त्यात त्याने 42 यार्ड काढले. शिकागोहून आलेल्या दुसऱ्या रनिंग बॅकला, डेव्हिड मॉन्टगोमेरीला, 21 वेळा मिळाला आणि यार्ड झाले 74. सरासरी काढली तर 6 विरुद्ध साडेतीन! लायन्स 21-20 असे जिंकले, तरी मी प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांच्यावर चिडूनच झोपलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने माझे डोळे उघडले. तो कॉलेजात लाइनबॅकर, म्हणजे बचाव फळीतला खेळाडू होता. त्याने टेबलावरच्या मिठाच्या, मिरपुडीच्या बाटल्या आणि सॉसच्या पुड्या ओळीने मांडल्या. मिठाची बाटली म्हणजे पास फेकणारा क्वार्टरबॅक, शेजारची पुडी म्हणजे रनिंग बॅक. ‘आता मी या बाजूने ब्लिट्झ करतो, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर चाल करून जातो,’ म्हणत त्याने मिरपूड सरकवली. ‘पासचा डाव आहे, चेंडू तुझ्याकडे येणारच नाही. मी येतोय हे तू चेंडू सुटायच्या आत ओळखायचेस, क्वार्टरबॅकच्या पुढून आडवे जायचे आणि मला छातीवर घ्यायचे. चुकलास तर तुमचा क्वार्टरबॅक गेला.’ गिब्सचे वजन 199 पौंड, म्हणजे जेमतेम 90 किलो. समोरून येणारा 105-110 किलोचा. आणि कोण कुठून येणार याचे सोंग दर डावाला बदलते. हे काम आकडेवारीच्या रकान्यात दिसत नाही, पण नवखा पोरगा मैदानाबाहेर राहतो तो बहुतेक वेळा याच कामामुळे. धावता सगळ्यांनाच येते, तेवढ्यासाठीच तर ड्राफ्टमध्ये घेतात.

दुसरी गोष्ट शरीराची. वेगवान गोलंदाजाची षटके आपण मोजतो, इथे धडका मोजाव्या लागतात. 2006 मध्ये कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनने 416 वेळा चेंडू वाहिला, हा विक्रम अजून मोडलेला नाही. पुढच्या वर्षी पायाच्या दुखापतीने त्याचा आकडा 158 वर थांबला. डॅलसच्या डीमार्को मरेने 2014 मध्ये 392 वेळा धावून 1,845 यार्ड काढले. पुढच्या हंगामात फिलाडेल्फियाकडून 702. गिब्स अलाबामा विद्यापीठाकडून शेवटच्या वर्षी सगळा मिळून 151 वेळा धावला होता. अशा पोराला पहिल्याच महिन्यात जुंपायचे?

याला अपवाद आहे आणि तो आमच्याच लायन्सचा. 1989 मध्ये बॅरी सँडर्स पहिल्याच वर्षी 280 वेळा धावला, 1,470 यार्ड. पण बॅरीच्या मापाने बाकीच्यांचे कपडे बेतू नयेत.

पुढे काय झाले, ते लेखात नाही. ऑक्टोबरात मॉन्टगोमेरीच्या बरगड्यांना मार बसला आणि 30 तारखेच्या सोमवारी रेडर्सविरुद्ध गिब्सच्या हाती 26 वेळा चेंडू आला. 152 यार्ड, एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण). फोर्ड फील्डवर मी त्या रात्री पंचवीसाव्या रांगेत होतो, ओरडून घसा बसला. हंगामाअखेर गिब्सचे 945 यार्ड आणि धावत केलेले 10 टचडाउन, मॉन्टगोमेरीचे 1,015 आणि 13. लायन्सनी 1993 नंतर पहिल्यांदा आपला विभाग जिंकला. 2024 मध्ये गिब्सने 250 वेळा धावून 1,412 यार्ड आणि 16 टचडाउन केले. तो वाया गेला असे कोण म्हणेल?

अन्याय आहे, पण तो दुसरीकडे आहे. नवख्याचा करार चार वर्षांचा, रक्कम ड्राफ्टच्या क्रमांकाने जवळजवळ ठरलेली. तिसरा हंगाम संपेपर्यंत ती वाढवून मागता येत नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचवे वर्षही ठेवून घ्यायचा हक्क संघाचा. त्यानंतर ‘फ्रँचाइज टॅग’ लावून आणखी एक वर्ष अडकवता येते. 2023 मध्ये या टॅगखाली वर्षाला मिळणारी रक्कम रनिंग बॅकसाठी सुमारे 1 कोटी डॉलर होती, क्वार्टरबॅकसाठी 3 कोटी 20 लाखांहून अधिक. म्हणजे पोरगा बाकावर बसला काय किंवा धावला काय, करारातली वर्षे सारखीच सरतात, आणि हाती मोठी रक्कम येण्याची वेळ येते तेव्हा पाय थकत आलेले असतात. त्याच उन्हाळ्यात सॅक्वॉन बार्कली आणि जॉश जेकब्स हे रनिंग बॅक या टॅगवरून संघांशी भांडत होते. लेखकाने यावर सविस्तर लिहावे, ही विनंती. प्रशिक्षकाला धारेवर धरण्यात गेलेले तीन रकाने त्यासाठी पुरले असते.

आपला,
एक नियमित वाचक,
ट्रॉय, मिशिगन