तिकीट घ्यायचंच तर खिडकीवरून घे

दादर, मुंबई

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर नेरूळला होणाऱ्या त्या बँडच्या कार्यक्रमाच्या तिकिटाबद्दल तू विचारलंस, "बाबा, खरं सांगा, एवढे पैसे घालण्यासारखं आहे का?" तेव्हा मी "बघू, विचार करून सांगतो" म्हणून विषय टोलवला. आई शेजारीच गवार मोडत बसली होती आणि साडेसहा हजार हा आकडा कानावर पडल्यापासून तिचे हात थांबले होते. त्या हवेत मला धड बोलता आलं नसतं. शिवाय हा विषय माझा आहे. नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीत उभी हयात गेली माझी. तिकीट का खपतं, का पडून राहतं आणि मधल्या मधे कुठे गायब होतं, हे दोन वाक्यांत उरकायचं नव्हतं. म्हणून हे पत्र. पाठवतोय व्हॉट्सॲपवर, पण लिहिलंय वहीत.

आधी तुझं प्रकरण नीट मांडतो. रविवारी दुपारभर तू ऑनलाइन रांगेत बसलीस. नंबर लागला तेव्हा साडेसहा हजारांची, उभ्याने बघायची तिकिटं संपली होती. आता ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीचा मुलगा तेच तिकीट एकोणीस हजारांना देतोय. म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि तू ते एकात घातलेस. साडेसहा हजार द्यावेत का? दे. तुझ्या पगाराचे आहेत, आणि त्या बँडची गाणी तू दहावीच्या अभ्यासातही कानात घालून बसायचीस. एकोणीस हजार द्यावेत का? एक पैसाही नाही. आता दोन्ही का ते सांगतो, आधी साडेसहा हजारांचं.

आई म्हणेल की आम्ही गिरगावात गणपतीत रस्त्यावर बसून मोठमोठे गायक फुकट ऐकले. ऐकले, खरंच ऐकले. पण फुकट कधीच नव्हतं ते. वर्गणी होती, मंडळाला जाहिराती होत्या, कुणी शेठ होता. पैसे भरणारा माणूस वेगळा आणि ऐकणारा वेगळा, एवढंच. तुमच्या वाट्याला असा शेठ आला नाही.

दुसरं म्हणजे गाण्याचा धंदाच उलटा झाला. आधी कॅसेटी, मग सीडी विकून कमाई व्हायची आणि दौरा असायचा तो त्यांचा खप वाढवायला. आता तू महिन्याला किरकोळ पैसे भरून जगातली सगळी गाणी ऐकतेस. त्यातून गायकाच्या हाती जे पडतं त्यावर जहाजभर सामान घेऊन जगभर फिरता येत नाही. म्हणून गाणं स्वस्त झालं आणि गाणारा महाग. त्यात भव्य पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा, ते सगळं चढवणारे-उतरवणारे कामगार, मैदानाचं भाडं, पोलीस, अग्निशमन, परवानग्या.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये यावर मोठं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कारखान्यात यंत्रं येतात आणि तेवढाच माल कमी माणसांत तयार होतो, पण बेथोव्हेनची चार वादकांची रचना वाजवायला तेव्हा चार माणसं लागायची, आजही चारच लागतात, आणि वेळही तेवढाच लागतो. बाकी जगाबरोबर त्यांचे पगार मात्र वाढत राहतात. आमच्या मराठी नाटकवाल्यांनी यावर स्वतःचा तोडगा काढला. पात्रंच कमी केली. दोन पात्रांचं नाटक आणि एकच सेट, की दौऱ्याच्या बसमध्येही जागा उरते. तुझ्या बँडला तसं करता येत नाही.

मग सरकार. तिकीट पाचशेपर्यंत असेल तर जीएसटी नाही. नाटक असो की गाणं, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. तुझे साडेसहा हजार कर धरून असतील तर त्यातले जवळपास हजार रुपये सरकारचे. नाटकांच्या जाहिरातीत वरचा दर पाचशेवर अडून बसलेला दिसतो, त्यामागचं एक कारण हेच. आणि करावरून भांडणंही काही नवी नाहीत. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून गेला. त्या कार्यक्रमाला सरकारने करमणूक कर माफ केला म्हणून मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली. जॅक्सन वारला तरी ते प्रकरण मिटलं नव्हतं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण प्रयोगांची संख्या. आमच्याकडे नाटक हाऊसफुल्ल झालं आणि माणूस हिरमुसून खिडकीवर उभा राहिला, की मी सांगायचो, "पुढच्या रविवारी गडकरीला आहे, नाहीतर पार्ल्याला दीनानाथला." झालं. त्याच्यावर जीव टाकून दामदुप्पट द्यायची वेळच यायची नाही. प्रशांत दामल्यांचा १२,५०० वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंदला झाला. साडेबारा हजार वेळा जो माणूस तुमच्यासमोर उभा राहतो, त्याच्या तिकिटाचा भाव किती फुगणार? उलट कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड २०१६ च्या नोव्हेंबरात बीकेसीच्या मैदानावर येऊन गेला तो परत आला थेट २०२५ च्या जानेवारीत, नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिकिटं २,५०० पासून ३५,००० पर्यंत होती आणि त्यात एक दर होता नेमका १२,५०० चा. आकडा तोच, एकाचे प्रयोग, दुसऱ्याचे रुपये. मला तेव्हा फार हसू आलं होतं. आईला सांगितलं तर तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

म्हणून छापील किंमत मला जास्त वाटली तरी अन्याय वाटत नाही. कलाकाराने ठरवली, आयोजकाने लावली, परवडत नसेल तर जाऊ नये. माझं डोकं फिरतं ते त्यानंतरच्या किमतीवर.

नाटकाचा प्लॅन तू लहानपणी पाहिलायस. रांगांच्या चौकटी छापलेला तो लांब कागद, त्यावर लाल पेन्सिलीने विकलेल्या खुर्चीवर फुली मारायची. सकाळी साडेआठला खिडकी उघडायची, त्याआधी लोक चहा पिऊन रांगेत. आणि प्लॅन माझ्या हातात येई तेव्हा कधी कधी पहिल्या दोन-तीन रांगांवर निळ्या फुल्या आधीच असायच्या. एक निर्माता तर पाचव्या रांगेपर्यंत निळं करून पाठवायचा. कुणासाठी, ते विचारायचं नाही. पहाटे पाचला येऊन पहिला नंबर लावलेल्या माणसाला मी सहावी रांग द्यायचो आणि तो माझ्याकडे असा बघायचा की मीच पैसे खाल्लेत. तुमच्याकडे ठरावीक बँकेचं कार्ड असणाऱ्यांना आदल्या दिवशी तिकिटं मिळतात ना, त्या निळ्या फुल्याच आहेत. फक्त आता त्यांची जाहिरात करतात.

ब्लॅकवाल्यांचं म्हणशील तर प्लाझा सिनेमाबाहेर "पाच का पंधरा" पुटपुटत फिरणारी पोरं मी वर्षानुवर्षं पाहिली. पोलीस दिसला की पांगायची. पण त्यांच्या हातात पंचवीस-तीस तिकिटं असायची, आणि खेळ सुरू झाला की उरलेली पडेल भावाने फुंकायची. आता एक माणूस घरात बसून, कॉम्प्युटरला कामाला लावून, शेकडो तिकिटं उचलतो. कोल्डप्लेच्या वेळी २२ सप्टेंबर २०२४ ला विक्री उघडली, लाखो लोक रांगेत अडकले आणि लगेचच तीच तिकिटं दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखालाखाच्या भावाने दिसायला लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली. प्रकरण जनहित याचिका होऊन उच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण धोरण ठरवणं हे आमचं काम नाही म्हणून न्यायालयाने ती फेटाळली. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदाच केला की मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट छापील किमतीच्या वर विकायचं नाही. आपल्याकडे कधी होईल तेव्हा होईल.

तुझ्या एकोणीस हजारांतले वरचे साडेबारा हजार कुणाला मिळणार, सांग बघू. गिटार वाजवणाऱ्याला नाही. दिवे चढवणाऱ्याला नाही. सरकारला कर म्हणूनही नाही. ज्याने तुझ्या आधी बटण दाबलं, त्याला. आणि वर ते तिकीट खरं निघेल याची हमी कोण देणार? एकच क्यूआर कोड चार जणांना विकला तर गेटवर पहिला पोचेल तो आत, बाकीचे नेरूळ स्टेशनवर. त्या मुलाला मी ओळखत नाही, चांगलाही असेल. तरी नाही.

आता तर काही ठिकाणी खिडकीतला माणूसच ब्लॅकवाला झालाय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात ओएसिस या बँडच्या तिकिटांचं तेच झालं. उभ्याचं तिकीट साधारण १४८ पौंडांचं म्हणून लोक रांगेत बसले. नंबर येईपर्यंत मागणी बघून ते ३५५ झालं. मी असा भाव वाढवला असता तर लोकांनी खिडकीची काच फोडली असती, आणि बरोबर केलं असतं.

मग करायचं काय? थांब. हे मी तुला समजूत काढायला सांगत नाही, धंद्यातली गोष्ट सांगतोय. कुठल्याही मोठ्या कार्यक्रमाच्या थोड्या जागा शेवटपर्यंत अडवून ठेवलेल्या असतात: पाहुण्यांच्या, प्रायोजकांच्या, आणि स्टेज कुठवर येईल याची खात्री नसते म्हणून बाजूच्या. स्टेज उभं राहिलं, बाजूच्या जागांवरून दिसतंय हे कळलं, की त्या सोडतात. आमच्याकडेही निळ्या फुल्या प्रयोगाच्या दिवशी पुसायच्या, आणि तेव्हा जो सहज म्हणून खिडकीवर यायचा त्याला दुसऱ्या रांगेतली मधली खुर्ची मिळायची. कोल्डप्लेने तर विक्रीच्याच दिवशी तिसरी तारीख वाढवली, नंतर अहमदाबादला लाखाहून मोठ्या मैदानावर दोन कार्यक्रम केले, आणि त्यानंतर साधारण दोन हजारांची तिकिटं जोडीने सोडली. ज्यांनी घाईने दलालाकडून घेतली होती त्यांचं तोंड तेव्हा बघायला हवं होतं. तेव्हा बुकिंगचं ॲप आठवडाभर आधीपासून रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघत जा.

आणि उभ्याचंच हवं हा हट्ट सोड. पहिल्या रांगेतून नटाचे पाय दिसतात, नाटक सहाव्या-सातव्या रांगेतून दिसतं, हे कुठलाही बुकिंगवाला सांगेल. स्टेजजवळची जागा धरायची तर दुपारपासून उन्हात ताटकळायचं, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, आणि पुढच्याने मोबाईल वर धरला की बघायचा पुन्हा पडदाच. त्यापेक्षा वरच्या स्टँडमधलं साडेतीन हजारांचं बसायचं तिकीट मिळालं तर मी ते आधी घेईन. मैदानातच जायचं झालं तर साउंडवाल्याचं टेबल कुठे आहे ते बघ आणि त्याच्या आसपास उभी राहा. तो माणूस तिथे बसून आवाज जुळवतो, म्हणजे सगळ्यात नीट आवाज तिथेच. एवढे पैसे देऊन गाणं ऐकायला जायचं आणि उभं राहायचं स्पीकरच्या तोंडाशी, हे मला कधी कळलं नाही.

हप्त्यावर मात्र घेऊ नकोस. "तीन हप्ते, व्याज नाही" असं येतं त्या पानावर. फ्रिज घेतेयस का? गाणं फेब्रुवारीत संपणार आणि हप्ता एप्रिलपर्यंत.

तिकीट हातात आल्याशिवाय बंगळुरूहून यायचं बुकिंग पक्कं करू नकोस. नाहीतर विमानाच्या पैशांची लाज वाटून त्या मुलाचे एकोणीस हजार देशील. माणूस तसाच फसतो. उद्यान एक्सप्रेस दादरला थांबते, तिचं आरक्षण आत्ता करून ठेव. रद्द केलं तरी थोडेच पैसे जातील. परतीची चिंता नको. उघड्या मैदानात रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे, त्यामुळे शेवटचं गाणं दहाच्या आत संपेल. पण पन्नास हजार माणसं एकदम नेरूळ स्टेशनात शिरतात, तेव्हा परतीचं लोकलचं तिकीट जातानाच काढ आणि कुर्ल्याला गाडी बदल.

आई अजूनही साडेसहा हजारांवरच आहे. तिला एकोणीस हजारांचं मी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. साडेतीन हजारांचं मिळालं तर तिला आपणहून फोन कर आणि आकडा तूच सांग.

तुझे,
बाबा