सईस पत्र : ग्राफीनच्या पट्ट्या

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

ज्या प्रकाशाची तरंगलांबी ग्राफीनच्या (कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या थराच्या) पट्टीच्या रुंदीच्या पंचवीसपट आहे, त्याला ती पट्टी कळते कशी, हे तू फोनवर विचारलंस. हे सावकाश सांगायला हवं, म्हणून लिहितेय.

तुझा हिशोब बरोबर आहे. ३ टेराहर्ट्झ (सेकंदाला ३ लाख कोटी कंपनं) वारंवारतेला तरंगलांबी १०० मायक्रॉन आणि पट्टी ४ मायक्रॉनची. सूक्ष्मदर्शकात पाहावं तसं तिचं चित्र या प्रकाशात मिळणार नाही. पण आपल्याला चित्र नकोच आहे, इलेक्ट्रॉन कसे हलतात ते हवंय. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र पट्टीला आडवं असलं की इलेक्ट्रॉन एका काठाला साचतात, दुसरा काठ धनभारित होतो आणि त्यांना मागे खेचतो. परातीतलं पाणी हेलकावावं तसे ते हेलकावतात. परात लहान तेवढा हेलकावा जलद. हाच प्लाझ्मॉन.

बर्कलीच्या फेंग वांग यांच्या गटाने २०११ साली हे मोजून दाखवलं. पट्टी ४ मायक्रॉनवरून १ मायक्रॉनवर आणली, तर शोषणाचं शिखर (जिथे प्रकाश सर्वांत जास्त शोषला जातो) ३ वरून ६ टेराहर्ट्झवर गेलं. रुंदी पाव, वारंवारता दुप्पट! आणि शोषण १३ टक्क्यांच्या वर, तेही अणूएवढ्या जाडीच्या एका थराचं. दृश्य प्रकाशातला जेमतेम २.३ टक्के भाग हाच थर शोषतो. इतकी वर्षं यात काढली, तरी या आकड्याचं मला अजून अप्रूप वाटतं.

नमुना ९० अंशांत फिरवून क्षेत्र पट्टीच्या लांबीला समांतर केलं की शिखर नाहीसं होतं. अडवायला काठच नसतो. वारंवारता वाढते तसं शोषण नुसतं उतरत जातं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी हेच करायला लावते. मात्र मोजमापाच्या पेटीत कोरडा नायट्रोजन पुरेसा भरायला हवा. हवेतली वाफ टेराहर्ट्झ गिळते आणि आलेखात तिच्याच खाचा उमटतात.

आता तुझ्यासाठी काम. गेट व्होल्टेजने (थराजवळच्या इलेक्ट्रोडला दिलेल्या विद्युतदाबाने) इलेक्ट्रॉनची संख्या १६ पट केली, तर ग्राफीनमध्ये वारंवारता फक्त दुप्पट होते. नेहमीच्या अर्धवाहकाच्या पातळ थरात ती चौपट झाली असती. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉनची ऊर्जा संवेगाच्या सम प्रमाणात असते, एवढं धरून हे चतुर्थमूळ कुठून येतं ते काढ आणि कागदाचा फोटो पाठव. अडलीस तर रविवारी फोनवर बोलू.

तुझी,
आई