चित्र विकलं ना, मग हात काढा. पण सगळंच सोडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

चित्रांच्या लिलावाच्या बातम्या हल्ली पेपरात ठळक छापून येतात. २०२१ मध्ये चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं एक चित्र जवळपास ४० कोटींना गेलं (ते स्वतः २००१ लाच वारले होते), तेव्हा आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाने विचारून झालं, "काय मग, तुमचं केवढ्याला जातं?" मला बोलायचंय ते आमच्यासारख्यांबद्दल. गॅलरी नाही, एजंट नाही, मेणवलीच्या घाटावर बसून वॉटरकलर करायचं, फ्रेमवाल्याशी घासाघीसही आपणच करायची आणि मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर नाहीतर इन्स्टावर विकायचं. काढायचं कसं ते कॉलेजात शिकवतात, सोडायचं कसं ते कोणी शिकवत नाही.

मुळात चित्र झालं कधी हेच कळत नाही. घाटाच्या पायऱ्यांवरची सावली एका वॉशमध्ये (म्हणजे पातळ रंगाच्या एका हातात) मस्त बसलेली असते, मधूनमधून कागदाचा पांढरा दिसत असतो, आणि घरी येऊन टेबलावर ठेवलं की वाटतं इथे जरा डार्क हवं होतं, मग एक ग्लेझ (वाळलेल्या रंगावर पातळ रंगाचा अजून एक थर), मग तो शेजारच्याशी जुळत नाही म्हणून अजून एक, की झालं, सावलीचा चिखल. ऑइलवाल्यांना निदान खरवडता तरी येतं. फ्रान्सचा चित्रकार पिएर बोनार म्हणे म्युझियममध्ये लागलेल्या स्वतःच्या चित्रालाही गुपचूप रंग लावून यायचा, म्हणजे हा आजार मोठ्यांनाही होता. मी आता सही लवकर करतो. सही झाली की पॅलेट धुवायचं, मग कोणी काही म्हणो.

कोणी लगेच गणपतीचं उदाहरण देतं, पेणचे कारागीर बघा, डोळे आखले की मूर्ती निघाली, दीड दिवसात पाण्यात. अहो पण तिथे विसर्जन ठरलेलंच असतं. चित्र कोणाच्या तरी हॉलमध्ये तीस-चाळीस वर्षं राहतं आणि आपल्याला ते माहीत असतं, खरा त्रास तिथे आहे. घेणाऱ्याने ते चपलांच्या कपाटावर लावलं, काचेवर ट्यूबलाइट चमकतेय, समोर खिडकीतून ऊन येतंय (हे मात्र विकतानाच सांगून टाकावं, काही रंग उन्हात उडतात). बाकी गप्प बसावं. गंमत म्हणजे कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराला आपल्या कामाची मोडतोड झाली तर दाद मागायचा हक्क देतं, पण त्यातच स्पष्ट लिहिलंय की काम लावलंच नाही किंवा तुमच्या मनासारखं लावलं नाही तर तो हक्कभंग नाही. मला हे एकदम पटलं. भिंत त्याची आहे.

पण मोडतोड वेगळी. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भलंमोठं म्यूरल (भिंतीवरचं शिल्प) १९७९ मध्ये रिनोव्हेशनच्या नावाखाली काढून टाकलं आणि त्याचे तुकडे गोदामात गेले. म्यूरल सरकारचं, पैसेही सरकारने दिलेले, तरी २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेले अवशेष सहगलांना परत द्यायला लावले आणि वर ५ लाखांची भरपाई. म्हणजे मालकी गेली तरी नाव आणि कामाची इज्जत आपल्याकडेच राहते.

हे आमच्या पोरांना माहीतच नसतं. चित्र विकलं म्हणजे त्याचं कॅलेंडर छापायचा, टी-शर्टवर टाकायचा हक्क गेला असं होत नाही, कॉपीराइट लिहून दिल्याशिवाय आपल्याकडेच राहतो. फक्त ऑर्डरवर पैसे घेऊन काढलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल तर उलटं, वेगळं काही ठरलं नसेल तर कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याचा, म्हणून आधीच दोन ओळी लिहून घ्या. शिवाय कलम ५३अ आहे, मूळ चित्र पुन्हा १० हजारांच्या वर विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त १० टक्के. आता चित्र परत विकलं गेलं हे फुटपाथवरच्या माणसाला कळणार कसं, तो कायदा करणाऱ्यांनाच विचारा. निदान बिल करा, घेणाऱ्याचं नाव-गाव लिहून ठेवा, पॅक करण्याआधी दिवसाच्या उजेडात नीट फोटो काढा. फोटो असला ना, की चित्र द्यायला हात कमी थरथरतो, खरंच सांगतो.

आणि एक विनंती तुम्हालाही. पुरवणीत चित्र छापता तेव्हा खाली 'अमुक यांच्या संग्रहातून' एवढंच असतं, संग्रहवाल्याचं नाव जरूर टाका पण काढणाऱ्याचंही टाका, आणि तो हयात असेल तर छापायच्या आधी त्याला एक फोन करा.

एक वॉटरकलरवाला, वाई