मावशी, दारं बंद असतानाच तुम्ही आलात

प्रिय मावशी,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमच्यासमोर बसले की मला रडू येतं आणि सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण उद्याच्या ऑपरेशनच्या धास्तीने आज रात्रीही कुणीतरी जागं असणार.

माझ्या ऑपरेशनच्या आठवड्यात भेटायला आलेली सगळी माणसं मायेनेच आली होती. पण उठताना बहुतेक जण म्हणायचे, "विश्वास आहे ना? मग घाबरायचं कशाला?" मी मान हलवायचे. ते गेले की भीती तेवढीच उरायची, वर अपराधी वाटायचं ते वेगळंच. लहानपणापासून ईस्टरच्या पहाटेची उपासना न चुकवलेली मी, आणि गाठीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा पायांतलं बळच गेलं.

तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. खुर्ची पलंगाजवळ ओढलीत, पवित्र शास्त्रातून योहानाचा 20वा अध्याय काढलात आणि ओळीखाली बोट ठेवून म्हणालात, "वाच. मोठ्यानं." मी वाचलं: क्रूसावर मेलेला येशू पुन्हा उठलाय, आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याचे शिष्य भीतीनं दारं लावून बसलेत. मग तुम्ही विचारलंत, "सकाळीच मग्दालीया मरीयेनं सांगितलं होतं ना यांना, मी प्रभूला पाहिलंय म्हणून? मग संध्याकाळी दारं का लावून बसलेत?" मला उत्तर सुचेना. तुमचं बोट खाली सरकलं, 26व्या वचनावर. आठ दिवस झालेत, शिष्यांनी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तरी दारं बंदच आहेत! इतक्या वेळा ऐकलेला उतारा, पण हे कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

येशू त्यांना भित्रे म्हणून बोल लावत नाही. आधी दार उघडा, असंही म्हणत नाही. येऊन मध्ये उभा राहतो, "तुम्हांला शांती असो" म्हणतो आणि क्रूसावरच्या जखमांच्या खुणा असलेले हात व कूस दाखवतो. तिथे तुम्ही थांबलात. "खुणा गेल्या नाहीत बघ," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर जन्माची खूण पडणार होती, मावशी.

दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण 'शरीराचे पुनरुत्थान' म्हणतो. मी ते पाठ आहे म्हणून म्हणत आले. आत्मा देवाकडे जाईल, शरीर काय, सुटेल कधीतरी, असंच मनात होतं. त्या रात्री मला या शरीराचा राग आला होता, त्यानेच दगा दिला होता ना. आणि देव उठवणार आहे ते हेच! प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पुनरुत्थानासाठी बियाणाचा दाखला देतो, तो तेव्हा कुठे मला कळला. बी मातीत जातं तेव्हा कुणी ते फेकून दिलेलं नसतं, पेरलेलं असतं.

निघताना तुम्ही हळूच सांगितलंत की काकांना मातीत ठेवून घरी आल्यावर कितीतरी रात्री तुमचा दिवा मालवायला हात होत नव्हता. तोपर्यंत मी समजत होते की तुम्हाला भीती माहीतच नाही.

खरं सांगते, भीती गेली नाही. स्ट्रेचरवर माझे दात वाजत होते. पण मेले तरी प्रभूच्या हातून सुटणार नाही, हे त्या थरथरीतही मला ठाऊक होतं, आणि भूल चढेपर्यंत मी 'शांती असो' एवढंच पुटपुटत राहिले.

उपचार अजून चालू आहेत. तपासणीच्या आदल्या रात्री अजून झोप उडते. तुमचं मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र माझ्याच उशाशी आहे, उघडलं की आपसूक त्याच पानावर उघडतं. या रविवारी परत आणणार होते. अजून थोडे दिवस राहू द्याल का?

तुमची,
प्रार्थनेत तुमची रोज आठवण काढणारी