भरतीच्या वेळी पाखरांनी बसायचं कुठे?

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी नवी मुंबईत राहणारा, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पक्षीतज्ज्ञ नाही. चौदा वर्षं रोज सकाळी घरामागच्या तळ्यावर दुर्बीण घेऊन जातो, एवढंच. परवा गेलो तर तळ्यात पाणी नव्हतं. खाडीचं पाणी ज्या पाइपातून आत येतं, त्याच्या तोंडावर कुणीतरी पुन्हा राडारोडा ओतलाय. तळाला भेगा पडल्यात आणि मधोमध एक रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, मरून पडला होता. कुत्रे पोचायचे होते.

'पुन्हा' म्हणतो, कारण गेल्या उन्हाळ्यात हेच घडलं. पाहणीला साहेब आले, चक्क गाडीतून उतरले आणि म्हणाले, "काका, आठ दिवसांत मोकळं करून देतो." त्या आठ दिवसांना आता अकरा महिने झाले.

ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले होते. पण तुमच्या नकाशात भरती धरलेलीच नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो. रोहित चोच उलटी करून शेवाळ गाळून खातात, तुतवार, चिखल्या, टिलवे असे छोटे पाणपक्षी किडे टिपत फिरतात. काही तासांनी पाणी चढतं आणि तो चिखल बुडतो. रोहितांचे पाय कितीही लांब असले तरी खाडीच्या उधाणापुढे तोकडेच. मग हे थवे काठालगतच्या उथळ पाण्यात येऊन बसतात. टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ, नेरुळच्या डीपीएस शाळेजवळचं डीपीएस तळं, उरणकडचं पाणजे, आणि आमच्यासारखी बिननावाची तळी. यातली बहुतेक अभयारण्याच्या हद्दीबाहेर. म्हणजे पंगत सरकारी बंदोबस्तात, आणि जेवून उठल्यावर टेकायची जागा वाऱ्यावर!

२०२४ च्या एप्रिलमध्ये डीपीएस तळं सुकलं, तिथे रोहित मेले. मे महिन्यात घाटकोपरला रात्री विमानाला थवा धडकला, ३० हून अधिक गेले. ते बसायची जागा हरवल्यामुळे भरकटले होते असं माझं मत आहे, तज्ज्ञांनी खुशाल खोडावं. पुढे २०२५ मध्ये डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायचं ठरलं. चांगलं झालं. पण त्यासाठी आधी मढी मोजावी लागली. आमच्या तळ्याला किती लागतील, तो आकडा एकदा सांगून टाका.

मी तेवीस अर्ज केले. बायको म्हणते एकवीस, पोचपावत्या तिच्याकडे आहेत. एका टेबलावर 'हे आमच्याकडे येत नाही', दुसऱ्यावर 'फाइल वर गेलीय'. एक तरुण अधिकारी म्हणाला, "पक्षी जातील की दुसरीकडे." अहो, कुठे? दुसरीकडेही भरावच चाललाय. तीन-तीन तास उभं राहून गुडघा सुजला, जिन्याने चढताना आता कठड्याचा आधार लागतो. शेवटी काल घमेलं-फावडं घेऊन मीच पाइपाशी गेलो. शेवाळावर पाय घसरला, डावं मनगट मोडलं. मी चिखलात पडलेलो असताना तिथला वॉचमन विचारतो, "परवानगी कुणाची घेतली?" राडारोड्याचे ट्रक आले, तेव्हा हाच वॉचमन गेट उघडायला धावला होता.

इथे भरायला परवानगी लागत नाही, उपसायला लागते. २०१७ च्या पाणथळ नियमांतून मिठागरंच वगळली, तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या पाण्यावर इमारत उभी राहू शकते ते पाणी नव्हेच, असा हा कारभार. सरकारं बदलली, रंग बदलले, डंपर तेच. आणि चौकाचौकांत गुलाबी फ्लेमिंगोंचे पुतळे. त्यांना भरतीची अडचण नाही, फक्त वर्षाला एकदा रंग लागतो.

महोदय, येत्या अमावास्येला मोठं उधाण आहे. त्याआधी तो पाइप मोकळा करा. त्यासाठी परवानगी कुणाची लागते तेवढं कळवलंत तरी चालेल, तिथेही अर्ज करीन. उजवा हात अजून शाबूत आहे.

आपला,
तेवीस (किंवा एकवीस) अर्जांचा अर्जदार