काळुंदरीचे पट्टे

मालवण, रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

गणपतीत तू म्हणालास ना, दोन मासे सारखे दिसले की ते चुलत भाऊच असणार, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही म्हणून गप्प बसलो आणि तू जिंकल्यासारखा आणखी एक मोदक उचललास. आता ऐक.

काल मच्छी मार्केटात काळुंदर मिळाली, खाडीची, पंजाएवढी, अंगावर उभे काळपट पट्टे आणि खवल्याखवल्यावर मोत्यासारखा ठिपका. मी आपला उजेडात धरून फिरवतोय तर मावशी म्हणते, "काय बघतंस? घेवचा आसा तर घे, नायतर बाजूक हो." घेतली मुकाट. तर ही काळुंदर सिक्लिड घराण्यातली, तिलापियाचं घराणं, आणि या घराण्याचा खरा पसारा आफ्रिकेत.

तिथे तीन मोठी सरोवरं, व्हिक्टोरिया, मलावी, टांगानिका, आणि त्यांत मिळून सिक्लिडच्या हजारावर जाती. तिन्हीकडे डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे पट्टे असलेले आहेत आणि कोरेही आहेत. पण मलावीतला पट्टेवाला हा टांगानिकातल्या पट्टेवाल्याला जवळचा नाही रे, तो शेजारच्या कोऱ्या माशालाच जवळचा. झालं, तुझं चुलत भावांचं गणित तिथेच बोंबललं.

मग प्रत्येक सरोवरात तेच पट्टे परत परत आले कसे? जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या लोकांनी व्हिक्टोरियातल्या पट्टेवाल्याची आणि कोऱ्याची जोडी लावली. मुलं सगळी कोरी, नातवंडांत साधारण चारात एक पट्टेवालं. आपले शाळेतले मेंडेलचे वाटाणेच की! म्हणजे खेळ एकाच जीनचा, आणि शोधत शोधत ते एजीआरपी2 नावाच्या जीनपाशी पोचले, 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. मला आधी वाटलं हा जीन पट्टे काढत असेल. तर उलटंच, हा पट्टे दाबून ठेवतो! कातडीत तो जोरात चालला की मासा कोरा, मंद चालला की पट्टे. खात्री करायला त्यांनी कोऱ्या माशातला हा जीन क्रिस्परने, म्हणजे डीएनए हवा तिथे कापायच्या तंत्राने, तोडला आणि त्या माशाच्या अंगावर पट्टे उमटले, मी ते वाक्य दोनदा वाचलं. फरक असतो तो जीन किती चालवायचा हे ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात. पंखा तोच, रेग्युलेटर वेगळा. पट्टे नव्याने घडवायला लागतच नाहीत, दाब कमी झाला की झालं, म्हणून तर हे इतक्या वेळा घडू शकलं.

मेक्सिकोतल्या गुहांतल्या आंधळ्या माशांचंही असंच काहीसं. पाचोन आणि मोलिनो या दोन गुहांतले मासे पांढरेफटक, दोन्हीकडे बिघाड ओसीए2 याच जीनमध्ये, पण प्रत्येक गुहेत तो वेगळ्या ठिकाणी तुटलाय, आणि दोघांची जोडी लावली तरी पिल्लं पांढरीच.

आता लगेच काळुंदरीवर हे चिकटवू नकोस हां, एजीआरपी2 ची गोष्ट आडव्या पट्ट्यांची आहे आणि हिचे उभे. तुझी सवय माहितेय मला, अर्धं ऐकून ऑफिसात सांगत सुटशील.

रवा लावून तळली शेवटी, पट्टे गेले मसाल्यात. शिमग्याला ये, आणि मोदकाचा हिशोब बाकी आहे हे विसरू नकोस.

तुझा,
पप्या